सीन नदीकांठचें एक भोजनगृह

पॅरिसच्या पश्चिमेस सीन नदी एक मोठें वळण घेते. त्या वळणावर शातू नांवाचें गांव आहे आणि गांवासमोर नदीच्या पात्रांत एक लांबट बेट आहे. सन १८५७ मध्यें आल्फाँस फूर्नेझ नांवाच्या एका सुतारानें या बेटावर जागा विकत घेतली. होड्या बांधाव्या, दुरुस्त कराव्या आणि भाड्यानें द्याव्या, एवढाच त्याचा मूळ धंदा. परंतु वल्हीं मारून दमलेल्या माणसास भूक लागते, हें ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं. थोड्याच वर्षांत होड्यांच्या शेजारीं जेवणाचीं टेबलें आलीं व मुक्कामासाठीं खोल्याही झाल्या. स्वयंपाक त्याची पत्नी पाही, होड्या मुलगा सांभाळी, आणि आलेल्यांचें स्वागत कन्या आल्फाँसीन करी.

फूर्नेझचें कसब खरें. पण गिऱ्हाईक आणलें तें आगगाडीनें. पॅरिसहून या बाजूस जाणारा लोहमार्ग १८३७ सालीं खुला झाला, म्हणजे आपल्याकडे मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी सुटली त्यापूर्वीं सोळा वर्षें. तोंवर नदीकांठची सहल हा घोडागाडी बाळगणाऱ्यांचा शौक होता. आतां आठवडाभर कचेरींत अथवा शिवणकामाच्या दुकानांत मान मोडून राबणारीं माणसें रविवारीं तिकीट काढून येऊं लागलीं. कांठावरच्या अशा खानावळींत तळलेले बारीक मासे, द्राक्षासवांत शिजविलेली वाम आणि हलकें मद्य मिळे. पॅरिस शहरांत येणाऱ्या मद्यावर जकात बसे; वेशीबाहेर तोच पेला स्वस्त पडे. शहराबाहेरच्या कितीतरी खानावळी या जकातीच्या पोटींच जन्मल्या!

चित्रकार रेन्वार हा शिंप्याचा मुलगा. लहानपणीं चिनी मातीच्या भांड्यांवर फुलें रंगवून त्यानें पोट भरलें होतें. फूर्नेझकडे त्याची ये-जा असे. १८८० च्या उन्हाळ्यांत त्यानें तेथील सज्जावर एक मोठें चित्र आरंभिलें व तें पुढील वर्षीं पुरें केलें. पट्टेदार छताखालीं चौदा माणसें आहेत. जेवण आटोपलें आहे. टेबलावर द्राक्षें, बाटल्या व अर्धवट रिते पेले उरले आहेत. कठड्यास रेलून आल्फाँसीन उभी आहे. कुत्र्याशीं लाडीगोडी करणारी तरुणी आलीन शारिगो ही पुढें, १८९० मध्यें, रेन्वारची पत्नी झाली. उंच टोपीचा श्रीमंत गृहस्थ आणि उघड्या दंडांचा नावाडी एकाच सज्जावर दिसतात, हीच या चित्राची खरी नवलाई.

मात्र चित्रांत वास उतरत नाहीं. त्या काळीं पॅरिसच्या मैल्याची मुख्य मोरी शातूच्या वरच्या अंगासच सीनला मिळत असे, आणि नेमका त्याच १८८० सालीं राजधानींत दुर्गंधीचा मोठा बभ्रा झाला होता. मोपासाँ हा कथालेखकही याच कांठावर होड्या वल्हवी. १८८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कथेंत या जलविहारी मंडळींतला एक तरुण निराशेनें नदींत जीव देतो. रेन्वारनें खोटें रंगविलें असें नव्हे. त्यानें रविवारची दुपार रंगविली. पण इतिहास लिहिणाऱ्यास उरलेले सहा दिवस व नदीचें पाणीही पाहणें भाग आहे.

पुढें लोकांची हौस सायकलीकडे व मोटारीकडे वळली. १९०५ मध्यें फूर्नेझ वारला आणि १९०६ मध्यें भोजनगृह बंद पडलें. १९२३ सालीं डंकन फिलिप्स या अमेरिकन संग्राहकानें तें चित्र सव्वा लाख डॉलर्स देऊन घेतलें व तें वॉशिंग्टनला गेलें. आल्फाँसीन १९३७ पर्यंत, नव्वदी गांठून, जगली. इमारत जीर्ण होत गेली. अखेर १९७७ मध्यें शातूच्या नगरपालिकेनें ती विकत घेतली, १९८२ मध्यें तिला ऐतिहासिक वास्तूचें संरक्षण मिळालें, आणि दुरुस्तीनंतर १९९० सालीं त्या सज्जावर पुन्हा पानें मांडलीं गेलीं. ज्या चित्रामुळें हें घर वांचलें, तें मात्र वॉशिंग्टनलाच आहे.