बांधी, डायव्हर्सन आणि आपले बालाघाट

आपल्या शहराचे नाव खरे पाहता त्याचे स्वतःचे नव्हेच. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, बैहर-परसवाड्याकडचे पठार. शहर मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या खोऱ्यात. 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून नवा जिल्हा केला गेला, त्याला हे नाव दिले आणि मुख्यालय ठेवले ते बूढा नावाच्या गावात. पुढे जिल्ह्याचे नाव गावाला चिकटले आणि जुने नाव मागे पडले. आता बूढी या वस्तीच्या नावात त्याची आठवण उरली आहे. नागपूर-भंडाऱ्याकडून कचेरी, शाळा, वकिली, रेल्वे यांच्या निमित्ताने आपली घराणी येथे आली ती या लहानशा गावात, आणि गावाच्या चारही बाजूंना धानाच्या बांध्या होत्या.

2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 84 हजारांवर गेली होती. मुंबई-पुण्याच्या मानाने हा आकडा किरकोळ. पण शहर किती मोठे आहे यापेक्षा ते कोणत्या जमिनीवर पसरते आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. नोकरीमुळे आमचा अर्धा जन्म खसरा आणि नक्शे पाहण्यात गेला. सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा जमीन म्हणजे पाया घालायची जागा, एवढेच आम्हाला शिकवले होते. कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी ही मातीची नावे आम्ही पटवाऱ्यांकडून शिकलो. इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताच्या अंमलदारांना ती ठाऊक होती, कारण सारा त्यावरच ठरायचा. कोणत्या जमिनीला वरच्या तलावाचे किंवा बोडीचे पाणी मिळते आणि कोणती फक्त पावसावर आहे, याचीही नोंद ते ठेवत. हेतू वसुलीचा असेल, पण जमिनीची एवढी बारीक विचारपूस पुन्हा झाली नाही.

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी बांधी म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. धानाचे शेत एकसलग नसते. उतारावर पायऱ्या कराव्यात तसे लहान लहान सपाट तुकडे करून भोवती मातीचे धुरे घालतात. वरच्या बांधीत पाणी पुरेसे साचले की ते धुऱ्यातल्या तोंडातून खालच्या बांधीत उतरते, तिथून तिच्या खालच्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांच्या बांध्या अशा एका पाण्यावर चालतात. मालक वेगळे, खसरा नंबर वेगळे, पाणी एकच. अशा ओळीतली मधली एक बांधी कुणी विकली आणि तीत चार फूट मुरूम टाकून प्लॉट पाडले, तर वरच्याचे धान पाण्यात बुडते आणि खालच्याची रोवणी खोळंबते. कागदावर मात्र एकाच खसऱ्याचा वापर बदललेला दिसतो. ज्या वारासिवनी-लालबर्रा पट्ट्यातल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही याच पद्धतीने पिकतो.

आता कायद्याकडे वळू. मालगुजारी 31 मार्च 1951 रोजी संपली. तोवर गावाचा तलाव, आबादी, पडीत या साऱ्यांवर मालगुजाराचा शब्द चाले. त्याच्या जुलमाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया हाकेच्या अंतरावर, पण कायदा वेगळा झाला आणि शब्दही वेगळे झाले. तिकडे तलाठी, सातबारा आणि ‘एन.ए.’, इकडे पटवारी, खसरा आणि ‘डायव्हर्सन’. आपल्या घरांतही गोंदियाचे पाहुणे एन.ए. म्हणतात आणि आपण डायव्हर्सन म्हणतो.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 ची. तिच्या कलम 172 प्रमाणे शेतीची जमीन घरासाठी वा दुकानासाठी वापरायची तर उपखंड अधिकाऱ्याची परवानगी लागे. शेतजमिनीला हा मोठा पहारा असे पुष्कळांना वाटे. पण कलम नीट वाचले की नकाराची कारणे किती मोजकी ठेवली होती ते दिसे: लोकांना उपद्रव होणार असेल, किंवा धारक अटी पाळणार नसेल. ही जमीन उत्तम धानाची आहे, तिच्या खाली वीस जणांचे पाणी आहे, हे कारण त्यांत नव्हते. म्हणजे साऱ्याचा दर बदलण्याची ती व्यवस्था होती, शेत वाचवण्याची नव्हे. 2018 च्या दुरुस्तीने हे कलमही गेले. आता भूमिस्वामीने स्वतः हिशेब करून प्रीमियम आणि सारा भरायचा आणि अधिकाऱ्याला कळवायचे. यात फेऱ्या वाचल्या, मधले हात वाचले. अर्जदारांचे हाल आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीसाठी गळा काढणार नाही. पण विकास योजनेत जो वापर चालतो तेवढाच बदल करता येईल, ही अट राहिली. त्यामुळे शेताचा सगळा भार आता त्या एका नकाशावर आला.

तो नकाशा बनतो 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली. आधी निवेश क्षेत्र ठरते, मग आज कोणती जमीन कशाला वापरली जाते त्याचा नकाशा, मग विकास योजनेचा मसुदा. कलम 18 खाली मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. या नकाशांत शहराबाहेरचा भाग बहुधा एकाच रंगात ‘कृषी’ म्हणून रंगवलेला असतो. त्या रंगात कन्हार आणि बर्डी सारखीच दिसते. शहर वाढवायचे तर बर्डीकडे, मुरमाड टेकाडाकडे वाढवावे आणि पाण्याखालची बांधी सोडावी, एवढा साधा भेदही त्यात उमटत नाही. आणि नकाशा बाजूला ठेवून वसलेल्या कॉलन्यांचे काय? त्या नियमित करण्यासाठी आधी 31 डिसेंबर 2016 ही शेवटची तारीख होती, पुढे 31 डिसेंबर 2022 जाहीर झाली. तारीख सरकते हे प्लॉट पाडणाऱ्याला आपल्याआधी कळते.

इतरत्र लोकांनी काय केले? वसईचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मुंबईला भाजी, फुले आणि केळी पुरवणारा तो हिरवा पट्टा 1980 च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांसाठी मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. नालासोपारा-विरार वाचले नाही, पण पश्चिमेकडच्या वाड्यांचा काही भाग अजून हिरवा आहे, तो लोक रस्त्यावर उतरले म्हणून. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींनी उलट वाट धरली. सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून त्यांनी मगरपट्टा स्वतःच वसवला. मालकाचा वाटा राहिला, ऊस गेला. आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा तो केरळचा 2008 चा कायदा, कारण तो थेट धानाच्या शेतांसाठी आहे. गावोगावी समिती नेमून भातशेतीची यादी करायची आणि त्या यादीतली शेते भरू द्यायची नाहीत, असा तो आहे. तोही 2018 मध्ये सैल झाला. पण यादी तरी झाली. आपल्याकडे ती बनवायला नवा सर्व्हे लागणार नाही. बंदोबस्ताचे जुने कागद रेकॉर्ड रूममध्ये बांधलेल्या गठ्ठ्यांत आहेत.

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. आमचे घर अशाच एका बांधीवर आहे. पंधरा वर्षांपूर्वी प्लॉट घेतला तेव्हा कागद चोख होते, डायव्हर्सन झालेले होते. नकाशे वाचणारा माणूस असूनही आमच्या खालच्या बाजूला कुणाचे शेत आहे, हे आम्ही पाहिले नाही. विकणाऱ्याला मुलीचे लग्न करायचे होते, आणि तीन एकर धानात ते होत नाही हे त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याला दोष देण्याचा अधिकार धानाचा भाव ठरवणाऱ्या कुणालाच नाही.

दर जुलैत पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचते. नगरपालिकेकडे नालीसाठी अर्ज आम्हीच लिहून दिला. गेल्या वर्षी खालच्या शेतातले पोवार काका फाटकाशी आले. अर्ज कशाचा म्हणून त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. ते म्हणाले, नाली काढाल तर तिचे तोंड आमच्या बांधीकडे काढा, चार वर्षे झाली, रोवणीला पाणी पुरत नाही. अर्जाबरोबर जोडलेल्या नकाशावर त्यांची बांधी आम्ही पेन्सिलीने दाखवली. दुरुस्त केलेला अर्ज आम्ही जूनमध्ये पुन्हा दिला आहे.