गोव्याची खाजनं

मांडवी आणि झुआरीकाठची खाजन शेतं भरतीच्या पातळीखाली आहेत. तरी तिथे शतकानुशतकं कोरगूट भात पिकलं, कारण चिखलमातीच्या बांधांनी खारं पाणी अडवलं. बांधातला लाकडी दरवाजा म्हणजे मानस: भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतो, ओहोटीला उघडतो. किती साधी, किती चतुर रचना! तिथल्या मासळीच्या हक्काचा लिलाव होई.

बांधांची निगा गांवकारी राखी. या ग्रामसंस्थेचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये नोंदवले. संस्था त्यांच्या कितीतरी आधीची.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना हक्क मिळाले, ते योग्यच झालं. पण बांधांवरची गांवकारीची देखरेख ढिली पडली. बांध फुटला की खारं पाणी शिरतं आणि शेत पडीक होतं. वारसा जपायचा असेल तर गोव्याने चर्च-देवळांइतकाच पैसा या बांधांवर खर्च करावा.