सौरछत, महाविद्यालयीन (शिरूर-दौंड)

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवून तिथेच वीज तयार करण्याची व्यवस्था. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे उन्हाची वानवा नाही. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीचे उत्पादन घटते. स्लॅबचे वॉटरप्रूफिंग आधी उरकावे; सांगाडा उभा राहिल्यावर गळती शोधणे जिकिरीचे होते.

खरी अडचण वेळापत्रकाची. एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक, पण वर्ग रिकामे. इथे नेट मीटरिंग कामी येते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार जादा वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, पुढच्या बिलांत वळती होते आणि हिशेब मार्चअखेर मिटतो. उन्हाळी सुट्टीत साठलेले युनिट त्यामुळे ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येतात. आर्थिक वर्षाची ही चौकट महाविद्यालयांच्या सोयीचीच म्हणायची!

दुसरी अडचण धुळीची. दौंड तालुक्यात केडगाव-यवत पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. चुलवाणाची काजळी आसपासच्या पॅनेलवर बसते आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर क्षारांचे डाग पडतात. धुलाईचे पाणी आणि माणूस यांची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर कागदावरची क्षमता कागदावरच राहते.

केंद्राची २०२४ ची पीएम सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. महाविद्यालयांना स्वतः भांडवल घालावे लागते, किंवा कंपनीला गच्ची देऊन ठरलेल्या दराने वीज घ्यावी लागते. असा करार दीर्घ मुदतीचा असल्याने प्राचार्यांनी तो स्वतः वाचलेला बरा.

शाश्वत इमारतीत पॅनेल सर्वांत शेवटी येतात. आधी उजेड, वारा आणि सावलीची रचना. हरित इमारतींसाठीचे ‘गृह’ (GRIHA) मानांकन मिळालेली देशातील पहिली इमारत आयआयटी कानपूरच्या पर्यावरण विज्ञान केंद्राची होती.

बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते; तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी तसे करावेच लागते. भारनियमनात संगणक कक्ष आणि पाण्याचा पंप चालवायचा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर व बॅटरी निविदेतच मागावी.