पहिलं घर घेतलंय? दीड लाखांची जादा करवजावट कुणाला मिळते?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव किंवा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत नोकरी करून पहिला फ्लॅट घेणाऱ्यांना आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०ईईएचा फायदा मिळतो का? ते ठरतं कर्जमंजुरीच्या तारखेवर.

या कलमात गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट आहे. राहत्या घरासाठी कलम २४(ब)खाली मिळणाऱ्या दोन लाखांपेक्षा ही वेगळी.

अटी काय आहेत?

- कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ दरम्यान मंजूर झालेलं हवं. फ्लॅटचं बुकिंग आधीचं, पण मंजुरी नंतरची असेल, तर वजावट नाही.
- कर्ज बँकेचं किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं हवं. पतसंस्थेचं किंवा नातेवाइकांचं चालत नाही.
- मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं घराचं मूल्य ४५ लाखांपर्यंत हवं.
- मंजुरीच्या दिवशी तुमच्या मालकीचं दुसरं घर नको.

गावाकडच्या घराचं काय?

ते एकट्या वडिलांच्या मालकीचं असेल, तर अडचण नाही. मंजुरीआधीच वारशाने तुमचं झालं असेल, तर वजावट हुकते.

नेमकी चूक कुठे होते?

ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मात्र नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे पात्र कर्ज असेल, तर रिटर्न भरण्याआधी दोन्ही प्रणालींत कर किती बसतो, ते मांडून बघा. जुनी फायद्याची ठरली, तर मुदतीत तीच निवडा.