गाडीतल्या लांब प्रवासासाठी घरगुती खेळ



दिमोनाहून हैफाला एलियाहू हनावीच्या गुहेकडे जायचं म्हणजे गाडीत अडीच तास तरी जातात. मागच्या खेपेला माझ्या बाजूला तीन नातवंडं, तिघांच्या हातात मोबाइल. वाटेत धाकट्याला उलटी झाली, आणि थोरले दोघे हैफा येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

नर्सचं काम केल्यामुळे उलटीचं कारण मला माहीत होतं. आतल्या कानाला गाडीची हालचाल कळते, पण डोळे स्थिर पडद्यावर असतात, त्यामुळे मेंदूचा गोंधळ उडतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. म्हणून खेळ असे हवेत, की नजर खिडकीबाहेर राहील आणि तोंड चालू राहील. आम्ही खेळतो ते पाच खेळ देते.

१. चिमट्यांचा पुठ्ठा (वय ४ ते ७)
जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून कडेला आठ चित्रं काढा: उंट, खजुराचं झाड, आगगाडी, ट्रॅक्टर, पाण्याची टाकी, झेंडा, मेंढ्या, पूल. बाहेर जे दिसेल त्यावर कपड्यांचा चिमटा लावायचा. आठही चिमटे लागले की पुठ्ठा जिंकला.

२. नंबरप्लेटची बेरीज (वय ७ च्या पुढे)
इथल्या गाड्यांवर सात आकडे असतात, 2017 पासूनच्या नव्या गाड्यांवर आठ. समोरच्या गाडीचा शेवटचा आकडा घ्यायचा आणि पाळीपाळीने आपल्या बेरजेत मिळवायचा. जो आधी पन्नास गाठेल तो जिंकला. अट एकच, बेरीज मराठीत बोलायची. एकोणतीस आणि एकोणचाळीसला सगळेच अडखळतात!

३. मलिद्याचं ताट
पहिला म्हणतो, "ताटात पोहे." दुसरा, "ताटात पोहे आणि खोबरं." मग साखर, वेलची, खजूर, केळं, असं वाढवत जायचं. जो मधलं विसरला तो बाद.

४. गाव सांगा, आडनाव करा
मी पेण म्हटलं की मुलांनी पेणकर म्हणायचं. रोहा, रोहेकर. झिराड, झिराडकर. नवगाव, नवगावकर. चौल म्हटलं की चेऊलकर. ही सगळी रायगड जिल्ह्यातली गावं. आपले पूर्वज तिकडे तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हेही ओघात सांगून होतं. मग इथली गावं घ्यायची: दिमोनकर, लोदकर, अश्दोदकर. मुलं पोट धरून हसतात. असंच हसता हसता थोरल्याने विचारलं, "आजी, त्या गावात आपलं घर अजून आहे का?" त्याचं उत्तर देण्यात उरलेला सगळा रस्ता गेला. मी मराठीत सांगत होते, तो हिब्रूत विचारत होता.

५. वासाच्या पोटल्या
जुन्या सुती कापडाच्या पोटल्यांत वेलची, लवंग, दालचिनी, जिरं घट्ट शिवून टाका. डोळे मिटून ओळखायचं. हा खेळ थांब्यावरच खेळा, बंद गाडीत उग्र वासाने मळमळ वाढते.

सांभाळायच्या गोष्टी
• निघण्यापूर्वी हलकं खाणं द्या. तळलेलं, फार गोड नको.
• मळमळ झाली तर खिडकी उघडा, दूरवर समोर बघायला सांगा. जाड पिशवी आणि ओला रुमाल हाताशी ठेवा.
• लहान मुलाच्या हातात शेंगदाणे, बटणं, मणी देऊ नका. चालत्या गाडीत ठसका लागला तर पटकन मदत करता येत नाही.
• दर दोन तासांनी थांबा, पाणी पाजा.
• "पाचच मिनिटं" म्हणूनसुद्धा मुलाला बंद गाडीत एकटं ठेवू नका. उन्हात गाडी फार लवकर तापते.
• गाडी चालवणाऱ्याला खेळात ओढू नका.

येताना मुलं थकलेली असतात. तेव्हा मोबाइल मागितला तर थोडा वेळ द्यावा, भांडण करू नये. आमच्या धाकट्याने मात्र चिमट्यांचा पुठ्ठाच मागितला.