इन्सुलिनच्या स्फटिकातील धातू-आयनांचे बंधन

इन्सुलिन हे स्वादुपिंडातील बीटा पेशींमध्ये तयार होणारे प्रथिन संप्रेरक आहे. त्याच्या स्फटिकात सहा रेणू जस्ताच्या आयनांभोवती एकत्र येऊन षट्वारिक (सहा रेणूंचा समूह) तयार करतात. शरीरात इन्सुलिन साठवण्यासाठी आणि औषधी इन्सुलिनचा प्रभाव किती वेळ टिकतो हे ठरण्यासाठी हे बंधन महत्त्वाचे आहे.

इतिहास

जॉन जेकब एबल यांनी १९२६ मध्ये इन्सुलिन स्फटिकरूपात मिळवले. स्फटिक बनण्यासाठी जस्तासारख्या धातूची गरज असते, हे डी. ए. स्कॉट यांनी १९३४ मध्ये दाखवले. डोरोथी हॉजकिन यांनी १९३५ मध्ये या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. मात्र रेणूची त्रिमितीय संरचना उलगडण्यास १९६९ साल उजाडले. हे काम करणाऱ्या ऑक्सफर्डमधील गटात भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन यांचा समावेश होता.

संरचना

इन्सुलिनच्या रेणूत २१ अमिनो आम्लांची 'ए' आणि ३० अमिनो आम्लांची 'बी' अशा दोन साखळ्या असतात. दोन रेणूंचे एक द्विवारिक व तीन द्विवारिकांचे एक षट्वारिक बनते. षट्वारिकाच्या मध्यातून त्रिगुण सममितीचा अक्ष जातो. या अक्षावर एकमेकांपासून सुमारे १६ अँगस्ट्रॉम अंतरावर जस्ताचे दोन आयन असतात.

'बी' साखळीतील दहाव्या स्थानी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते. तीन वेगवेगळ्या रेणूंमधील या हिस्टिडीनच्या वलयांतील प्रत्येकी एक नायट्रोजन अणू जस्ताच्या एका आयनाशी जोडला जातो. उरलेल्या तीन जागा पाण्याचे रेणू घेतात. अशा रीतीने सहा बंधांची अष्टफलकीय रचना तयार होते. जस्ताऐवजी कोबाल्ट किंवा कॅडमियमचे आयनही ही जागा घेऊ शकतात.

षट्वारिकाच्या केंद्राजवळ 'बी' साखळीतील तेराव्या स्थानाची सहा ग्लुटामेट अवशेषे समोरासमोर येतात. त्यांच्या ऋण प्रभारांमुळे परस्पर प्रतिकर्षण होते. येथे कॅल्शियमचे आयन बांधले गेल्यास हे प्रतिकर्षण कमी होते.

टी आणि आर अवस्था

वर वर्णिलेली रचना 'टी' अवस्थेतील आहे. क्लोराइडचे प्रमाण वाढवल्यास षट्वारिकातील तीन रेणू 'आर' अवस्थेत जातात. फिनॉलच्या सान्निध्यात सहाही रेणू ही अवस्था धारण करू शकतात. या बदलात 'बी' साखळीचा ताणलेला आरंभीचा भाग सर्पिल रूप घेतो. परिणामी जस्ताजवळ पाण्याच्या तीन रेणूंना जागा उरत नाही. तीन हिस्टिडीन व क्लोराइडसारखा एक आयन यांच्याशी जस्ताची चतुष्फलकीय रचना तयार होते. जस्ताऐवजी कोबाल्ट वापरल्यास हा बदल रंगावरून ओळखता येतो, कारण अष्टफलकीय कोबाल्टचा रंग गुलाबी, तर चतुष्फलकीय कोबाल्टचा निळा असतो.

जैविक महत्त्व

झेडएनटी-८ हे वाहक प्रथिन बीटा पेशींतील साठवण-कणिकांमध्ये जस्त पोहोचवते. कणिकांतील आम्लधर्मी वातावरणात इन्सुलिन स्फटिकरूपात साठते. रक्तात सोडले गेल्यावर सामू वाढतो आणि जस्त विरल होते. त्यामुळे षट्वारिक विघटित होऊन एकवारिक मुक्त होतात. पेशीवरील ग्राहीशी एकवारिकच जोडले जाते. सर्व प्राण्यांमध्ये मात्र ही व्यवस्था नाही. गिनीपिगच्या इन्सुलिनमध्ये दहाव्या स्थानी हिस्टिडीन नसल्याने जस्तयुक्त षट्वारिक बनत नाही.

औषधी उपयोग

त्वचेखाली टोचलेल्या इन्सुलिनचे षट्वारिक सुटे होण्यास वेळ लागतो, म्हणून साधे इन्सुलिन जेवणापूर्वी काही वेळ आधी घ्यावे लागते. लिस्प्रो व अस्पार्ट या प्रकारांत 'बी' साखळीच्या शेवटाजवळील अमिनो आम्ले बदललेली असतात. त्यामुळे रेणूंचे परस्परबंधन दुबळे होते व औषध लवकर परिणाम दाखवते. याउलट, जस्ताचे प्रमाण वाढवून तयार केलेल्या लेन्टे इन्सुलिनचे कण सावकाश विरघळतात आणि त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो.