टीव्हीची खोकी आणि आपली इमारत

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी आधी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढून बसलो. त्यांत पाण्याची टाकी आहे, गच्चीची गळती आहे, पार्किंगचे तंटे तर प्रत्येक वहीत आहेत. त्यावर इतर मंडळी लिहीतच आहेत. मला मात्र या वह्यांमध्ये टीव्ही सारखा भेटत राहिला. गच्चीवरचे अँटेना काढण्याचा ठराव, केबलवाल्याच्या लोंबत्या वायरी, जिन्याच्या कठड्याला पडलेला पोचा, भिंतीत भोक पाडताना गेलेली वीज. २००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हापासून टीव्हीचं माप बदललं की इमारतीत कुठेतरी काहीतरी बदललेलं आहे.

त्याआधीचं थोडं सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण पेठांतल्या वाड्यांतून इथे आले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसायला लागलं. तेव्हाचा टीव्ही म्हणजे लाकडी कपाटच. चार पाय, पुढे सरकतं शटर, शटरला कुलूप. पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागायची, आमच्या वडिलांनी ते पुस्तक रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलं होतं. वाड्यात टीव्ही कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. ज्या खोलीत जास्त माणसं मावतील तिथे, बास. १९८२ साली एशियाडच्या निमित्तानं रंग आला, १९८७ ला रविवार सकाळचं रामायण आलं, आणि एकेका खोलीत तीस-तीस जण बसले ते वीस इंची पडद्यासमोर.

हा ‘वीस इंच’ म्हणजे काय, हे मला वाटतं अजूनही अनेकांना नीट माहीत नाही. इंच मोजतात तो कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. याचं कारण जुनं आहे. सुरुवातीच्या पिक्चर ट्यूबचं तोंड गोल असायचं आणि माप म्हणजे तिचा व्यास. पुढे तोंड चौकोनी झालं तरी मोजायची रीत तीच राहिली. जुन्या पडद्याची रुंदी आणि उंची ४ ला ३ अशी असायची, त्यामुळे शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण इथे बरोबर बसतो : वीस इंची म्हणजे १६ इंच रुंद, १२ इंच उंच. त्यातही ट्यूबची कड थोडी कॅबिनेटच्या आत दडलेली असायची, म्हणजे दिसायचं त्याहून कमीच. खोक्यावर मात्र आपल्याकडे सेंटिमीटर छापलेले असत. ५१ सेंटिमीटर म्हणजे वीस इंची, ५३ म्हणजे एकवीस. दुकानदार इंच बोलायचा, खोकं सेंटिमीटर, आणि घरातली बाई सुतारापुढे वीत पसरून दाखवायची. तिचंच माप खरं ठरायचं.

आपल्या इमारतीत पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येक घरात एकवीस इंची रंगीत टीव्ही आला. त्याच जुलैत कौन बनेगा करोडपती सुरू झालं होतं, तेही एक कारण असावं. त्या टीव्हीला पोट होतं! पडद्यामागे काचेचा नरसाळ्यासारखा भाग वीस इंचांच्या आसपास मागे जायचा. म्हणून सगळ्या सुतारांनी हॉलमध्ये एकाच धर्तीची वॉल युनिट केली. प्लायवूडची, भिंतभर, वीस इंच खोल, मधोमध टीव्हीसाठी चौवीस इंचांचा कप्पा. बाजूला बाहुल्या, ट्रॉफ्या, गणपती. आता हिशोब करा. दहा फुटांच्या भिंतीला वीस इंच खोल युनिट म्हणजे सोळा-सतरा चौरस फूट जमीन गेली. ज्या हॉलचं क्षेत्रफळ आपण बिल्डरशी भांडून मोजून घेतलं, त्यातली एवढी जागा ट्यूबच्या पोटाला दिली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मग एकोणतीस इंची आले. चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड. पुढची काच सगळ्यात जड, म्हणून उचलताना पडदा आपल्या छातीकडे घ्यायचा, हे तेव्हा हमालांना सांगावं लागायचं नाही. पण गंमत अशी की ही जड खोकी लिफ्टमधून मुकाट्यानं वर गेली. घनाकार खोकं, अरुंद बाजू पुढे केली की दारातून आत. वह्यांमध्ये त्या काळात लिफ्ट आणि टीव्ही यांचा एकत्र उल्लेख एकदाही नाही.

२०११ च्या विश्वचषकाच्या सुमारास चपटे टीव्ही यायला लागले आणि सगळी मापं फिरली. पडदा १६ ला ९ झाला. ब विंगमधल्या एका काकांनी एकोणतीस काढून बत्तीस इंची आणला आणि आठवडाभर ते दुकानदारावर चिडून होते, की बत्तीस सांगून लहान टीव्ही दिला. दुकानदार खोटं बोलत नव्हता. एकोणतीस इंची जुन्या पडद्याची उंची सतरा इंचांच्या वर, बत्तीस इंची नव्याची पावणेसोळाच्या आसपास. रुंदी मात्र तेवीसवरून अठ्ठावीसवर गेलेली. म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा खरोखरच लहान झाला होता. आणि अठ्ठावीस इंच पडदा चौवीस इंचांच्या कप्प्यात जाणार कसा? त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे सुतारांची करवत थांबली नाही. कुणी मधली फळी कापली, कुणी अख्खं युनिट भंगारात दिलं. भिंतीवर टीव्ही लावला त्यांना सोळा चौरस फूट परत मिळाले, आणि तिथे लगेच सेट टॉप बॉक्सची फळी, इन्व्हर्टर आणि नातवाची सायकल आली.

भिंतीचंही एक लिहून ठेवायला हवं, नव्या भाडेकरूंना उपयोगी पडेल. आपल्या हॉल आणि बेडरूममधली भिंत चार इंची विटेची आहे. टीव्ही हलका झाला असला तरी पुढे ओढता येणाऱ्या स्टँडवर तो भिंतीला उपटायला बघतो. साधा स्क्रू आणि लाकडी गुट्टी तिथे पुरत नाही, वीट लागेपर्यंत खोल जाणारा फास्टनर हवा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, पाइप तिथूनच वर गेलेला आहे. पायांवर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर आधी विचारा. मोठ्या टीव्हीचे पाय हल्ली पार दोन टोकांना असतात, तीन फुटी जुन्या टेबलावर त्यातला एक हवेत राहतो.

आता लिफ्टकडे येतो, कारण खरं लिहायचंय ते तिथलंच. आपली लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची. केबिन ११०० बाय १००० मिलिमीटर, दार ७०० मिलिमीटर. त्रेचाळीस इंची टीव्हीचं खोकं साधारण साडेतीन फूट लांब असतं, ते तिरकं करून कसंबसं मावतं. पंचावन्न इंचीचं साडेचार फूट. ते मावत नाही. आडवं पाडायचं नाही असं खोक्यावरच बाणांनी लिहिलेलं असतं, उभं टोकावर करायलाही पोरं घाबरतात. म्हणून पंचावन्न आणि पासष्ट इंची टीव्ही आपल्याकडे जिन्यानंच चढतात. कठड्याचा पोचा त्यातलाच. गेल्या सप्टेंबरात बत्तीस इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, आणि दसरा-दिवाळीत जिन्यातून खोक्यांची दिंडीच निघाली होती. वॉचमनला त्याबद्दल समितीनं बक्षीस द्यावं.

यावर हसून झालं. पण २०१९ च्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलला न्यायचं होतं. ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन लिफ्टपाशी आले, बघितलं, आणि काही न बोलता जिन्याकडे वळले. सहा फुटांचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर आडवं करता येईना. शेवटी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीनं बांधलं आणि चार जणांनी खाली आणलं. चौथ्या मजल्यावरून खाली यायला लागलेला वेळ काकूंनी मला एकदा मिनिटांत सांगितला होता. तो आकडा मी इथे लिहीत नाही. काका वाचले, अजून रोज सकाळी बागेत दिसतात. त्या रात्रीचा उल्लेख इतिवृत्तात नाही. त्याच महिन्याच्या वहीत टीव्हीच्या खोक्यामुळे खरचटलेल्या लिफ्टच्या दाराच्या दुरुस्तीचा ठराव मात्र एकमतानं मंजूर आहे.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत नवी लिफ्ट बसवण्याचा विषय येतोय. आलेल्या प्रस्तावात आपोआप उघडणारं दार आहे, आरसा आहे, वर पंखा आहे. जाळीचं दार काढून आपोआप चालणारं दार बसवलं की त्याची यंत्रणा शाफ्टमधली काही खोली खाते, म्हणजे केबिन आत्तापेक्षाही उथळ होऊ शकते. दुसऱ्या बाजूला, काउंटरवेट मागून बाजूला घेतलं तर काही शाफ्टमध्ये खोली वाढतेही. आपल्याकडे हे जमेल का, ते शाफ्ट मोजल्याशिवाय कळणार नाही. मी समितीला पत्र दिलंय, की कोणत्याही कंपनीचा दर मंजूर करण्याआधी दोन्ही विंगच्या शाफ्टची आतून मापं घ्या आणि प्रत्येक प्रस्तावात केबिनची रुंदी, खोली आणि दाराचं माप मिलिमीटरमध्ये लिहून मागा. सहा फूट बसत नसतील तर टेकून बसवता येणारी घडीची स्ट्रेचर-खुर्ची सोसायटीनं विकत घेऊन तळमजल्यावर मीटर रूमशेजारी ठेवावी, असंही त्यात लिहिलंय. पत्राची प्रत नोटीस बोर्डावर आहे. मापं घ्यायची ठरली तर मेजर टेप माझ्याकडे आहे, पाच मीटरची. शिडी धरायला मात्र कुणीतरी तरुण माणूस लागेल.